ग्रोंबाचे खांदे

४ मार्च १९८५, सोमवार
चंद्रकला म्हणते, रोज चार ओळी मराठीत लिहा, नाहीतर लिहायची सवय मोडेल. ती संध्याकाळी देवळामागच्या खोलीत मराठीचा वर्ग घेते, आणि शिक्षिकेच्याच नवऱ्याला ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही म्हटल्यावर तिची पंचाईत होते. वही वाचणार नाही असं तिने कबूल केलंय. बघू. तिच्या वर्गात शिकवतात तसं मी इथे वडिलांना मान देऊन ‘बा म्हणाले’ लिहिणार. तोंडाने आम्ही बाला तू म्हणतो, अख्खं लॉंग माउंटन गाव म्हणतं.

लिहायला कारणही आहे. आजपासून मी ला झोनमधल्या, म्हणजे परदेशी माल करणाऱ्या वसाहतीतल्या, खेळण्यांच्या कारखान्यात लागलो. आजवर दुकानांच्या पाट्या आणि शाळांच्या भिंती रंगवल्या, आता मेणाचे नमुने करायचे. त्या नमुन्यावरून साचा होतो आणि साच्यातून प्लास्टिकची बाहुली निघते. मॅनेजर मिस्ये लेक्लूने विचारलं होतं, हाताने मूर्ती करता येते का? मी गेल्या वर्षीच्या गणपतीचा फोटो पुढे केला. त्याने तो बराच वेळ पाहिला आणि जागा मला दिली.

गावच्या देवळातला गणपती आमच्या घरून जातो. पणजोबा रत्नागिरीकडून या बेटावर उसाच्या कामावर आले, त्यांनी ओढ्याकाठची माती आणून पहिला केला, तेव्हापासून. बांचा हात दोन वर्षांपासून थरथरतो, म्हणून गेल्या वर्षी मूर्ती मी केली. डोळे तेवढे बांनी काढले, डाव्या हाताने उजवं मनगट धरून. डोळे सगळ्यात शेवटी काढायचे अशी आमच्याकडे रीत आहे. डोळे उघडेपर्यंत ती माती, उघडले की देव.

९ मार्च, शनिवार
काम काय आहे ते आज कळलं. ‘निळ्या डोंगराचे पहारेकरी’ नव्याने येणार आहेत. मी लेक्लूसमोर लहान पोरासारखा हसलो असेन. पंधरा वर्षांपूर्वी हे कार्टून टीव्हीवर लागायचं, तेव्हा गावात टीव्ही फक्त चिनी दुकानदाराकडे होता. आम्ही तांदळाच्या पोत्यांवर बसून बघायचो, आणि त्याला गिऱ्हाईक आलं की एकेकाला उठावं लागायचं.

घरी येऊन सांगितलं तर चंद्रकला पोळी लाटायची थांबली. ती माएबूर्गची, तिने शेजाऱ्यांच्या खिडकीतून बघितलेलं. तिचा आवडता ग्रोंबा. ग्रोंबा म्हणजे त्यातला जाडा मॅमथ, जुन्या काळचा केसाळ हत्ती, डोंगराच्या दाराशी बसून असायचा. परवलीचा शब्द विचारायचा, आणि समोरच्याचा शब्द चुकला तर त्याची दया येऊन आत सोडायचा. त्यावरून डोंगराची राणी रोज त्याला रागवायची. चंद्रकलेला त्याचं सगळं आठवतं, आमच्या लग्नाची तारीख मात्र मला विचारते.

म्हणाली, “त्याचं पोट नीट करा हं.”

२१ मार्च, गुरुवार
परदेशातल्या कंपनीकडून चित्रं आली. ग्रोंबाला पोट नाही.

लेक्लूने समजावून सांगितलं. तेव्हाची मुलं आता आईबाप झालीत, ती जुनं नाव बघून खेळणं विकत घेणार. पण खेळणार त्यांची पोरं, आणि त्यांना लढाई लागते. नाव आईबापांसाठी, खांदे पोरांसाठी. म्हणून ग्रोंबा आता दोन पायांवर उभा, छाती पुढे, कपाळावर आठी, हातात कुऱ्हाड. डोळ्यांबद्दल एक वेगळा कागदच आहे. बुबुळं भुवईला टेकलेली हवीत, आणि नजर हातात धरणाऱ्या मुलाकडे जाता कामा नये. ती मुलाच्या पलीकडे, शत्रूकडे. हे मला पटलं. काम करणाऱ्यांनी विचार केलेला दिसतो.

चंद्रकलेला चित्र दाखवलं. “हा माझा ग्रोंबा नव्हे,” एवढंच बोलली. मी म्हटलं, तुझा ग्रोंबा दुकानात पडून राहिला असता. ती म्हणाली, राहू दे की पडून, त्याला तेच आवडायचं. बायकांशी धंद्याचं बोलण्यात अर्थ नाही.

२ एप्रिल, मंगळवार
आज फजिती झाली. पहिला नमुना टेबलावर ठेवला, तर लेक्लू विचारतो, डावा दात कुठे पडला? मी म्हटलं, पडला नाही. मग नीट बघितलं. उजवा दात पुरता, डावा मुळाशीच तुटका. मीच तसा केला होता, आणि कधी केला ते मला सांगता येईना. आमच्याकडे हत्तीचं तोंड करायचं म्हणजे एक दात मोडकाच करायचा, हात आपोआप करून जातो. सोंडही डावीकडे वळवून ठेवली होती, ती कुऱ्हाडीत अडकत होती.

सोंड सरळ केली. दात लावायला मेण कमी पडलं, आणि पार्सल आजच जायचं होतं. लेक्लूने तसाच पाठवला. मान खाली घालून बसने आलो.

घरी सांगितलं तेव्हा बा हसले. हल्ली ते क्वचितच हसतात. म्हणाले, हात घरचा हाय.

२६ एप्रिल, शुक्रवार
कंपनीला तुटका दात भलताच आवडला. तिकडच्या लोकांना वाटलं की मी मुद्दामच केलाय, लढाईत मोडलेला. आता दात काढता-घालता येणार. कुऱ्हाडीचा घाव बसला की पडतो, बोटाने दाबला की पुन्हा बसतो. जाहिरातीत तेच दाखवणार म्हणे. लेक्लूने सगळ्यांदेखत माझ्याशी हात मिळवला. मीही मुद्दाम केल्यासारखा चेहरा ठेवला. दुसरं काय करणार?

आता पुढचे सगळे ग्रोंबा माझ्याकडेच, चिलखतवाला, बर्फातला, मशालवाला. रंगाच्या लाइनवरच्या पोरींना डोळे कसे काढायचे तेही मीच दाखवायचं. खूप दिवसांनी वाटलं की आपणही कोणीतरी आहोत. हे लिहायला लाज कसली.

१९ जून, बुधवार
बरेच दिवस लिहिलं नाही. ओव्हरटाइम चालू आहे. ऊसतोड सुरू झाल्यामुळे रस्त्यात उसाच्या गाड्या आडव्या येतात आणि बस रखडते. पण काम चांगलं होतंय. सुरुवातीला ग्रोंबाचं डोकं करायला चार दिवस लागायचे, आता सकाळी बसलो की जेवणाच्या सुट्टीआधी होतं. कागद बघावा लागत नाही. मान वळते, खांदा उचलतो, भुवई बसते. लेक्लू म्हणतो, तुझ्या बोटांना तो पाठ झालाय.

बा रोज विचारतात, आज काय केलंस. मी सांगतो, ग्रोंबा. उद्या काय करणार? ग्रोंबा. मग ते उठून कोंबड्यांना दाणे टाकायला जातात.

२८ जुलै, रविवार
देवळात समितीची सभा झाली. नंदलाल यंदा सचिव आहे, शिकलेला माणूस, बोलतो गोड. म्हणाला, सीतारामकाकांचा हात चालत नाही, सत्यनारायण कारखान्यात अडकलेला. भारतातून प्लॅस्टरची मूर्ती मागवली तर? तयार रंगवलेली येते, विसर्जन न करता दरवर्षी तीच बसवता येते, पोर्ट लुईसच्या एका मंडळाने आणलीसुद्धा. बरीच डोकी हलली.

बा हात गुडघ्याखाली दाबून बसले होते, थरथर दिसू नये म्हणून. मला ते बघवेना. उठून म्हणालो, यंदा मूर्ती आमच्या घरूनच येईल आणि गेल्या वर्षीपेक्षा चांगली येईल. नंदलाल म्हणाला, ठीक, यंदाची बघून पुढचं ठरवू. म्हणजे ही शेवटची ठरली तर पणजोबांपासून चालत आलेलं माझ्या हातून तुटणार. वाटेत बांना म्हटलं, काळजी करू नको, आता मी कंपनीचा कारागीर आहे.

११ ऑगस्ट, रविवार
माती भिजवली. यंदा अधिक महिना आहे, गणपती उशिरा, सप्टेंबरच्या मध्यानंतर. वेळ भरपूर मिळतो म्हणायचा, पण रविवार सोडले तर मी घरी असतो कुठे?

बा ओट्यावर बसून सांगत होते, बैठक रुंद घे, मांडी पसरू दे. मी हो हो म्हणत होतो. हे सगळं मला येतं.

२५ ऑगस्ट, रविवार
मूर्ती झपाट्याने उभी राहतेय. कारखान्याचा फायदा झाला तो असा. छाती भरदार आलीय, खांदे तर पाहात राहावे असे. गेल्या वर्षीच्या गणपतीचे खांदे उतरते होते, आता लक्षात येतं. पोट थोडं कमी ठेवलं, कारण जाड माती वाळताना तडकते. बसलेल्या मूर्तीचा एक पाय खाली सोडलाय, आता उठेल असं वाटतं. अंगात जीव दिसतो.

चंद्रकला पाणी आणून देते आणि बघत उभी राहते. कशी वाटते विचारलं तर म्हणाली, मला त्यातलं काय कळतं? एरवी तिला सगळ्यातलं कळतं. बा आज ओट्यावर आले नाहीत, गुडघा दुखत असेल.

८ सप्टेंबर, रविवार
नंदलाल मूर्ती बघायला आला. आल्याबरोबर हात जोडले, मग जवळ येऊन बघितलं आणि हात खाली घेतले. डोळे व्हायचे आहेत अजून, म्हणून असेल. म्हणाला, “मोदेर्न झालीय.” मी म्हटलं, लोकांनाही आता नवीन लागतं. तो म्हणाला, हो हो, लागतं. चहा न घेताच गेला. त्याला प्लॅस्टरचीच हवी होती, मूर्ती चांगली झालेली त्याला कशी रुचेल?

रंगही उत्तम बसला. भुवई जरा जाड झाली असं वाटत होतं, पण त्याने चेहऱ्याला वजन येतं. आता फक्त डोळे राहिले. ते बांनी काढायचे.

१४ सप्टेंबर, शनिवार
दुपारी बांना पाटावर बसवलं. वाटीत काळा रंग, बारीक ब्रश. मनगट धरायला मी बाजूला बसलो. बांनी ब्रश बुडवला, वर बघितलं. मग ब्रश पाण्यात धुतला आणि खाली ठेवला.

“याचं डोळं कशाला उघडायचं?” म्हणाले. “हा मना वळकत नाय.”

मी चिडलो. म्हटलं, तुला दिसत नाही आणि दोष मूर्तीला. मी सहा महिने रोज हेच काम करतो, परदेशातले लोक माझं नाव घेतात. बा म्हणाले, मो पा कोने, मला ते काय ठाऊक नाय. मला एवढंच ठाऊक, की माझा बा, त्याचा बा, सगळ्यांचा गणपती समोर बसलेल्याकडं बघायचा. हा कुणाकडं बघणार? याला कुणाशी तरी मारामारी करायचीय.

मला पटवून द्यायचं होतं. पिशवीत ग्रोंबाचा नमुना होता, तो आणला आणि मूर्तीशेजारी पाटावर ठेवला. म्हटलं, हा बघ, हा मॅमथ असा असतो, आणि हा आपला.

मग मीच दोघांकडे आळीपाळीने बघितलं. तेच खांदे. तीच मान. भुवईचं वळण तर मापाने घेतल्यासारखं. गणपतीच्या हातात परशू होता आणि तोही ग्रोंबासारखाच आडवा धरलेला. बुबुळांसाठी मी भुवईखाली जागा सोडली होती, तिथे काढलेले डोळे समोरच्या माणसाकडे वळूच शकले नसते.

चंद्रकला दारात होती, ती आत निघून गेली. सगळ्यांना दिसलं होतं. नंदलालला, हिला, बांना तर पहिल्याच आठवड्यात. मलाच तेवढं दिसलं नाही. जमीन दुभंगावी असं का म्हणतात, ते मला आज कळलं.

१५ सप्टेंबर, रविवार
डोळे उघडले नव्हते म्हणून ती मातीच. मोडायला दोष नाही, असं बांनीच सांगितलं. फोडून टबात भिजत घातली. रंगाचा तवंग वर आला, तो काढून टाकला.

सकाळपासून नवीन करायला बसलो. पोट मोठं घेतलं, खांदे खाली दाबले. मान करायला गेलो की खांदे आपोआप वर येतात. डोकं मोडलं, पुन्हा केलं, पुन्हा तोच. शेवटी गेल्या वर्षीचा फोटो समोर ठेवून केलं. फोटोतला चेहरा दिसतो, पण बोटं तिकडे जातच नाहीत. मी भ्यालो. गणपती बुधवारी, आणि माझ्या हाताला आता हत्तीचं एकच तोंड येतं.

चंद्रकलेजवळ बोललो. ती म्हणाली, “माझा ग्रोंबा घेतला तेव्हा मी गप्प बसले. हा गेला तर मी गप्प बसणार नाही. उद्या कामावर जाऊ नका.”

१६ सप्टेंबर, सोमवार
बलराम आमच्याच बसने कारखान्यात जातो, त्याच्याबरोबर निरोप पाठवला की येत नाही. चिलखतवाल्याचा नमुना आज द्यायचा होता. लेक्लू भडकेल. भडकू दे.

मी पुन्हा मातीला बसणार, तेवढ्यात बा आले आणि मला हाताने बाजूला सारलं. म्हणाले, तू माती मळ. मी म्हटलं, तुझा हात. म्हणाले, माझा हात हलतो, पण जायचा तिकडंच जातो.

मी मळत राहिलो. मोठी मूर्ती आता वाळणार नाही, म्हणून बांनी वीतभरच घेतली. बैठक रुंद, मांडी पसरलेली. हात थरथरला की पोटावर बोटांच्या लाटा उमटत होत्या. ओल्या फडक्याने त्या मी पुसायला गेलो तर त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. सोंड वळवताना त्यांचा अंगठा दोनदा घसरला. खांद्यांकडे त्यांनी लक्षसुद्धा दिलं नाही, दंड नुसता मानेपासून खाली आला. मी एवढी वर्षं त्यांच्या शेजारी बसलोय, पण आज मला पहिल्यांदा कळलं की ते खांदे करतच नाहीत.

दुपारनंतर त्यांना धाप लागली. चंद्रकलेने पेज दिली, ती पिऊन पुन्हा बसले. डावा दात मोडला तेव्हा माझ्याकडे बघून हसले.

१७ सप्टेंबर, मंगळवार
ऊन चांगलं पडलं. मूर्ती पत्र्यावर ठेवली, तासातासाला फिरवली. ओल अजून आहे, अंगावर रंग धरणार नाही. मातीचाच राहील.

नंदलालकडे मी स्वतः गेलो आणि सगळं सांगितलं. ग्रोंबाचंही. वाटलं होतं तो हसेल. तो म्हणाला, त्या रविवारी घरी गेल्यावर माझ्या बायकोने विचारलं मूर्ती कशी आहे, आणि मला काय सांगावं कळेना. वीतभर मूर्तीबद्दल लोक बोलतील, पुढच्या सभेत प्लॅस्टरचा विषय येणारच, तो मी थांबवू शकत नाही, असंही म्हणाला. मग संध्याकाळी घरी येऊन गेला. ओट्यावर बराच वेळ बसला, चहा घेतला. जाताना म्हणाला, मखरात पाट उंच लावतो, म्हणजे मागच्यांना दिसेल.

कारखान्यातून निरोप आलाय की गुरुवारी तरी या. जाईन. घर त्यावर चालतं. पण ग्रोंबाचं डोकं दुसऱ्या कुणाला शिकवा असं लेक्लूला सांगणार आहे. मला राणी द्या, बुटका पहारेकरी द्या, काहीही द्या, हत्ती नको. ऐकेल की नाही, माहीत नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार, गणेश चतुर्थी
पहाटे आंघोळी करून बसलो. बांनी वाटी आणि ब्रश घेतला, मी मनगट धरायला पुढे झालो. त्यांनी ब्रश माझ्याच हातात दिला. मातीचं काम थरथरत जमतं, म्हणाले, डोळा नाही जमत. डोळा हलला तर देव कावराबावरा होतो.

मी नको म्हटलं. या बोटांनी मी आजवर किती डोळे काढलेत आणि सगळे कुठे बघतात ते बांना माहीत आहे. ते म्हणाले, म्हणूनच काढ. समोर बस, त्याच्याकडं बघ, आणि तो कुठं बघतोय ते बघून काढ.

मी मूर्तीसमोर मांडी घालून बसलो. पोटावरच्या लाटा, घसरलेल्या अंगठ्याची खूण, उतरते दंड, सगळं बांचंच होतं. बा माझ्या डाव्या अंगाला भिंतीला टेकून बसले होते. मी एक डोळा काढला, श्वास घेतला, दुसरा काढला. बुबुळं मधोमध ठेवली. कशी आली ते बघायची हिंमत होईना, म्हणून ब्रश धुवत राहिलो.

देवळातून माणसं पालखी घेऊन आली होती, ती अंगणात थांबली. चंद्रकला हातात आरतीचं ताट घेऊन दाराशी उभी होती.

बांनी विचारलं, “वळकतो काय?”

मी वर बघितलं. “तुला वळकतो,” मी म्हटलं. “माजं अजून नाय माहीत.”

“मंग उठू नको,” बा म्हणाले. “पालखी थांबंल. बस हतंच, त्याला बघू दे तुला.”